गुरुवारच्या सुट्टीतला मनाई हुकूम

"मिळाला! मिळाला!" असं मी फोनवर इतक्या जोरात ओरडले की पिंपरी कोर्टाबाहेरच्या झेरॉक्सवाल्याने मशीन थांबवून माझ्याकडे पाहिलं. फोनच्या पलीकडे नवरा होता, चाकणच्या कंपनीत, पहिल्या शिफ्टला. त्याच्या मागे प्रेसचा धाड धाड आवाज. त्याला वाटलं मला हरवलेला मोबाईल मिळाला.

"अहो, स्टे मिळाला! लेकीची परीक्षा थांबली!"

"काय सांगायलीस!" तो म्हणाला आणि मग त्याने लाइनवरच्या सगळ्यांना ओरडून सांगितलं. ज्यांना कशाचा काही पत्ता नव्हता त्यांनीही टाळ्या वाजवल्या. मला त्या फोनमध्ये ऐकू आल्या आणि माझे डोळे भरून आले. मी तशी लगेच रडणारी बाई नाही. लगेच भांडणारी आहे.

भांडण काय होतं ते सांगते. आमच्या लेकीला लहानपणापासून कमी ऐकू येतं. कानाला मशीन आहे, पण मशीनने आवाज मोठा येतो, स्पष्ट येतोच असं नाही. उरलेलं ती समोरच्याच्या ओठांवरून घेते. अर्धं कानाने, अर्धं डोळ्याने, असं जोडून जोडून ती दुसरीपर्यंत पहिल्या पाचात राहिली. मग कोरोना आला. शाळा मोबाईलवर गेली, परत उघडली, आणि उघडली तेव्हा सगळ्यांच्या तोंडावर मास्क. बाई फळ्याकडे वळून बोलायच्या, मास्कमधून बोलायच्या, आणि माझी पोर बाकावर बसून नुसतं बघत राहायची. सरकारने पुढे मास्कची सक्ती उठवली. आमच्या शाळेने उठवली नाही. शिक्षक असो, मूल असो, मास्क पाहिजे म्हणजे पाहिजे, कुणालाही सूट नाही.

मी मास्कच्या विरोधात मुळीच नव्हते. लॉकडाऊनमध्ये आकुर्डीतल्या आमच्या खोलीत बसून मी शिलाई मशीनवर ढीगभर मास्क शिवले आहेत. ब्लाऊज शिवायचं काम बंद पडलं होतं, मास्कने घर चाललं. शाळेसाठी मी खास मास्क शिवून नेला, मधोमध पारदर्शक प्लास्टिक लावून. वर्गाच्या बाईंनी बिचारीने घालूनही पाहिला. चार वाक्यं बोलल्या आणि आतून वाफ धरली. अंघोळीनंतरच्या आरशात दिसतं तेवढंच त्यांचं तोंड दिसायला लागलं. लेक हसली, बाई हसल्या, मास्क परत आला.

आणि मग मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकेने, मला बोलावून सांगितलं, की शुक्रवारी तिची वेगळी तोंडी परीक्षा घेऊ. जमली तर ठीक. नाही जमली तर तिला कर्णबधिर मुलांच्या शाळेत घाला, पुण्यात चांगली आहे. मी विचारलं, परीक्षा घेणाऱ्या बाई मास्क काढतील का? "नाही. नियम सगळ्यांसाठी असतो," मोठ्या बाई म्हणाल्या. त्यांच्याही तोंडावर मास्क, त्यामुळे त्या रागाने म्हणाल्या की शांतपणे, ते मलाच कळलं नाही. माझ्या डोक्यात मात्र तिडीक गेली. प्रश्नच दिसणार नाही त्या पोरीची परीक्षा कसली घेताय? त्या दुसऱ्या शाळेबद्दल मला काही वाईट म्हणायचं नाही. पण माझ्या लेकीच्या मैत्रिणी इथे होत्या, तिचं बाक इथे होतं, आणि ती नापास होणार होती ती मठ्ठ म्हणून नाही, कापडामुळे.

तडक वकील गाठली. तरुण बाई, मूळची साताऱ्याकडची, पुण्यात राहून रोज पिंपरीला येणारी. तिने सगळं ऐकलं आणि म्हणाली, "ताई, शाळेचा मास्कचा नियम बरोबर की चूक हे ठरायला वर्ष जाईल. आपण ते आज मागायचंच नाही. आज एवढंच मागायचं, की निकाल लागेपर्यंत नुकसान होऊ देऊ नका."

मला ते पटेना. मला तर जज्जसाहेबांनी शाळेला खडसावलेलं हवं होतं. तेव्हा तिने मला असं समजावलं: "गॅसवर दूध उतू चाललंय. गॅस कुणी मोठा ठेवला यावरून घरात भांडण आहे. तुम्ही आधी काय करता? गॅस बारीक करता. भांडण त्यानंतर. तात्पुरता हुकूम म्हणजे गॅस बारीक करणं. त्याने कुणाची चूक ते ठरत नाही, दूध फक्त वाचतं."

दूध म्हटल्यावर मला कळलं.

बुधवारी अर्ज निघाला. कोर्टात मी पहिल्यांदाच उभी होते. जज्जसाहेबांनी वकीलबाईंना पहिलाच प्रश्न केला, तो मला आमच्या विरुद्ध वाटला. "शाळेला नोटीस न देता, त्यांचं न ऐकता मी हुकूम का द्यावा?"

"साहेब, परवा परीक्षा आहे. नोटीस जाऊन उत्तर येईपर्यंत परीक्षा होऊन जाईल. मग या अर्जाला अर्थच उरणार नाही."

मग ते तीन गोष्टी तपासू लागले. आमच्या म्हणण्यात वरवर पाहता तरी दम आहे का? वकीलबाईंनी कानाच्या डॉक्टरांचे कागद दिले. हुकूम दिला तर शाळेची किती अडचण होते, आणि नाही दिला तर मुलीची किती? वकीलबाई म्हणाल्या, परीक्षा चार दिवस पुढे गेली तर शाळेचं काही जात नाही, पण मुलगी वर्गातून गेली तर परत येणं कठीण. आणि तिसरं, होणारं नुकसान नंतर भरून देता येईल का? पैशाने वगैरे? यावर वकीलबाई फक्त एवढंच म्हणाल्या, "साहेब, मूल दहा वर्षांचं आहे." मला तिथेच त्यांना मिठी मारावीशी वाटली.

साहेब थोडा वेळ लिहीत राहिले. मग त्यांनी सांगितलं, की पुढच्या तारखेपर्यंत शाळेने या मुलीची तोंडी परीक्षा मास्क लावलेल्या परीक्षकाकडून घेऊ नये, आणि अशा परीक्षेवरून तिला वर्गातून काढू नये. "मी दुसरी बाजू ऐकलेली नाही, हे लक्षात ठेवा. त्यांचं म्हणणं ऐकल्यावर हा हुकूम कायमही होईल, नाहीतर उठेलही." शेवटचं वाक्य माझ्या कानात शिरलं, पण आनंदात पुढे कुठे गेलं कुणास ठाऊक.

नक्कल हातात पडेपर्यंत संध्याकाळ झाली. वकीलबाईंनी ती माझ्या हातात देत सांगितलं, "हमदस्त आहे. म्हणजे कोर्टाचा बेलिफ नाही, तुम्हीच ती शाळेला नेऊन द्यायची. हुकूम, अर्ज, सगळे कागद. पोच म्हणून सही घ्यायची. ती सही घेऊन माझ्याकडे या, लगेच प्रतिज्ञापत्र घालू." मी हो हो म्हणाले. खरं तर मी तेव्हा मनात पेढ्यांचा हिशेब करत होते.

शाळा तोवर सुटली होती. रात्रीच्या आत आमच्या मजल्यावर सगळ्यांना कळलं. या पट्ट्यात स्टे या शब्दाला फार मान आहे. कुठल्याशा कंपनीच्या युनियनने कधीकाळी स्टे आणला होता, त्याची गोष्ट अजून लोक सांगतात. स्टे मिळाला म्हणजे केस जिंकली, अशीच सगळ्यांची समजूत. नवरा एकटाच थोडा साशंक होता. त्याने कंपनीत कितीतरी वर्षं टेंपररी म्हणून काढली आहेत, कंपनीने ब्रेक दिला की मध्ये मध्ये घरी बसत. "टेंपररी ऑर्डर म्हणायलीस," तो म्हणाला, "म्हंजे ब्रेक कधीबी देऊ शकतेत की." मी त्याला गप्प केलं. हुकुमाची नक्कल देवापुढे ठेवली, हळदकुंकू वाहिलं, लेकीला नमस्कार करायला लावला.

"उद्या शाळेला द्यायचीय ना?" मी विचारलं.

"उद्या गुरुवार हाय. शाळा बंद. शुक्रवारी सकाळी गेटावरच देऊत."

आणि मी म्हणाले, हो की!

आता बाहेरच्या माणसाला हे कळायचं नाही. आमच्या औद्योगिक पट्ट्यात आठवड्याची सुट्टी रविवारी नसते, गुरुवारी असते. फार पूर्वी विजेच्या हिशेबाने ठरली आणि अंगवळणी पडली. आमची लग्नं, बारशी, डॉक्टर, भाजी, सगळं गुरुवारी. आमच्या मुलांची शाळा कामगारांसाठीच काढलेली, म्हणून तीसुद्धा गुरुवारी बंद आणि रविवारी चालू. कोर्ट गुरुवारी चालू असतं हे आम्हाला माहीत नव्हतं अशातला भाग नाही. पण गुरुवारी कुणाला काही सरकारी काम सुचतच नाही. तो दिवस आम्ही मोजतच नाही.

त्यामुळे गुरुवारी दुपारी आमच्याकडे पुरणपोळीचा बेत चालला होता आणि शेजारणी पेढे खात होत्या, तेव्हा वकीलबाईंचा फोन आला.

"ताई, किती वेळ वाट बघू? सही झाली ना?"

"कसली सही? आज शाळेला सुट्टी आहे ना मॅडम."

"सुट्टी? आज गुरुवार आहे."

"म्हणूनच तर!"

त्या पुण्यात राहणाऱ्या बाईला हे ठाऊकच नव्हतं, आणि तिला ठाऊक नसेल हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं. तिने मग भराभर सांगितलं. समोरच्याचं न ऐकता मिळालेला हुकूम असला की नियम कडक असतो. कागद ताबडतोब त्यांच्याकडे पोचवायचे, आणि पोचवले म्हणून हुकमाच्या दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी कोर्टात शपथेवर सांगायचं. आज ते झालं नाही तर शाळेचे वकील तेवढ्याच मुद्द्यावर हुकूम उठवून मागतील. "एकतर्फी हुकूम घ्यायचा आणि दाबून ठेवायचा, असं कोर्टाला चालत नाही, ताई. बरोबरच आहे ना? त्यांच्या पाठीमागे झालंय सगळं. रजिस्टर पोस्टाने मी आत्ता पाठवते, पण ते पाकीट मिळेपर्यंत उद्याची परीक्षा होऊन बसेल. मोठ्या बाईंच्या हातात द्या. कोर्ट उठायच्या आत सही घेऊन या!"

हातातलं लाटणं तसंच टाकलं. देवापुढची नक्कल उचलली तर तिच्यावर हळदकुंकवाचे बोटभर डाग. पुसायला गेले तर ते आणखी पसरले. "राहू दे, चल!" नवरा म्हणाला. लेकीला एकटी कुणाकडे ठेवायची, म्हणून तीही मधे बसली. एका मोटरसायकलवर आम्ही तिघं.

मोठ्या बाई राहतात कुठे हे मात्र आम्हाला ठाऊक नव्हतं. ठाऊक असणारा एकच माणूस होता, शाळेच्या व्हॅनचे काका. चिंचवडच्या जुन्या गावठाणातले, मिशीवाले, तिथलेच पिढीजात. ते ओट्यावर बसून व्हॅनच्या सीटची कव्हरं धूत होते.

"मोठ्या बाई? रावेतला ऱ्हात्यात. पण आज तर सुट्टी हाय."

"काका, सुट्टीचं नाव काढू नका!" मी ओरडलेच. मग एका दमात सगळं सांगितलं.

काकांनी कव्हर बादलीत टाकलं. "मंग असं बोंबलत कशाला हुबी ऱ्हायलीस? चला की माज्या मागं!" आणि व्हॅन काढली. ओली, सीटांवर कव्हरं नसलेली व्हॅन पुढे आणि आम्ही मागे. भर दुपारी गुरुवारच्या गर्दीतून काका असे हॉर्न वाजवत चालले होते, की रस्त्यातली माणसं आपोआप बाजूला होत होती. मला भीती वाटत होती, राग येत होता, आणि खोटं कशाला बोलू, मजाही येत होती. आयुष्यात पहिल्यांदा मी कोर्टाचा हुकूम घेऊन चालले होते! लेक मधून मान वळवून मला विचारत होती, "काय झालं? काय झालं?" चालत्या गाडीवर तिला काही ऐकू येत नाही. मी तिच्या पाठीवर थोपटत राहिले.

रावेतला मोठ्या बाईंचं रो-हाऊस होतं, पुढे जरासं अंगण, हॉलला मोठी काचेची खिडकी. बेल वाजवली. दार उघडायला थोडा वेळ लागला. मग त्या बाहेर आल्या, मास्क लावून. स्वतःच्या दारात, सुट्टीच्या दिवशी. मला पुन्हा तिडीक आली.

मी कागद पुढे केले. "कोर्टाचा हुकूम आहे. पोच पाहिजे."

त्यांनी कुंकवाच्या डागांकडे पाहिलं. "हे काय आहे?"

"पूजा केली होती," नवऱ्याने प्रामाणिकपणे सांगितलं.

"वाचल्याशिवाय मी सही करणार नाही. इथेच थांबा." आणि दार लावून त्या आत गेल्या.

आम्ही अंगणात उभे. घड्याळ पळतंय, कोर्ट उठायची वेळ जवळ येतेय, आणि बाई आत चष्मा लावून शांतपणे वाचतायत. खिडकीच्या काचेतून सगळं दिसत होतं, ऐकू मात्र काहीच येत नव्हतं. घरात गेल्यावर त्यांनी मास्क काढला होता. मग फोन लावला. वकिलाला असेल किंवा संस्थेच्या कुणाला. काकांनी व्हॅनला टेकून तंबाखू मळायला घेतली. माझा पाय जमिनीवर ठरेना.

तेवढ्यात लेक म्हणाली, "आई, मोठ्या बाई म्हणतायत, कोर्टात का गेले, मला सांगायचं."

मी खाली पाहिलं. ती खिडकीसमोर उभी राहून एकटक आत बघत होती. मोठ्या बाईंचं तोंड तिने दोन वर्षांत पहिल्यांदा पाहिलं होतं.

"असं दुसऱ्याचं बोलणं घ्यायचं नसतं," मी तिला म्हणाले. पण माझ्या आवाजात जोर नव्हता.

"मुलगी हुशार होती, म्हणतायत," ती पुढे सांगतच राहिली. तिचा आवाज नेहमीसारखाच एका पट्टीतला. "आता... उत्तर देत नाही. मधलं नाही कळलं. बाई गेल्या... आपल्या विज्ञानाच्या बाई गेल्या, म्हणतायत. पुस्तकं वाटायला... मीच बोलावलं होतं तिला शाळेत. मीच बोलावलं होतं."

काकांचा मळणारा हात थांबला. "व्हय," ते हळूच म्हणाले. "दुसऱ्या लाटेत. त्या बाईला घरनं मीच आणली व्हती व्हॅनमधनं."

माझा सगळा राग जागच्या जागी गळाला. विज्ञानाच्या बाई गेल्या हे आम्हाला माहीत होतं. त्या दिवशी त्यांना कुणी बोलावलं होतं ते माहीत नव्हतं. मला त्या काचेपलीकडच्या बाईची दया आली, आणि ती येऊ नये असंही वाटलं, कारण माझ्या हातात अजून सही नव्हती.

मोठ्या बाईंनी फोन ठेवला, वळल्या, आणि त्यांना लेक दिसली. लेकीचे ओठ अजून हलत होते, त्यांच्याच शब्दांवर. त्या बघतच राहिल्या. मग काचेजवळ आल्या आणि तिच्याकडे बघून काहीतरी बोलल्या.

"हो!" लेक म्हणाली.

त्या पुन्हा काही बोलल्या. आम्हाला तिघांनाही काही म्हणजे काही ऐकू आलं नाही.

"अडुसष्ट!" लेक ओरडली.

पुन्हा त्यांचे ओठ हलले.

"महाबळेश्वरला!"

पुन्हा.

"बेडूक! बेडूक आणि... आणि सालामांडर!" आता ती पायाच्या चवड्यांवर उड्या मारत होती. शेजारच्या रो-हाऊसमधली बाई बाहेर येऊन बघायला लागली. मी तोंडावर हात दाबून उभी होते, हसतेय की रडतेय ते माझं मलाच कळत नव्हतं. किती महिन्यांत मी या पोरीला शाळेतल्या कुणाला असं ओरडून उत्तर देताना पाहिलं नव्हतं!

नवरा माझ्या कानाशी लागला. "अगं, परीक्षेला तर मनाई हाय ना? मग ह्या घ्यायल्यात कशा?"

"मास्क लावून घ्यायला मनाई आहे," मी म्हणाले. "त्यांच्या तोंडावर मास्क कुठाय?"

मोठ्या बाई बाहेर आल्या तेव्हा पुन्हा मास्क लावून आल्या. मला वाटलं होतं आता काहीतरी गोड बोलतील. छे. त्यांनी पोचेवर सही केली, तारीख घातली, आणि म्हणाल्या, "उद्या परीक्षा होणार नाही. कोर्टाचा हुकूम आहे, मी पाळणार. पण तारखेला मी स्वतः येणार. माझ्या शाळेत याच भागातली आणखी बरीच मुलं आहेत, त्यांच्या घरी म्हातारी माणसं आहेत. नियम मी असाच सोडणार नाही." लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि दार लावलं.

तिथून पिंपरीपर्यंत काकांनी पुन्हा हॉर्न वाजवत नेलं. वकीलबाई कोर्टाच्या पायऱ्यांवरच उभ्या होत्या, प्रतिज्ञापत्र तयार, फक्त माझी सही बाकी. शपथ घेतली, कागद आत गेला, आणि शिरस्तेदारांनी शिक्का मारला तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. त्यांनी पोचेवरही उतरलेलं कुंकू पाहिलं आणि काही न बोलता पान उलटलं. बाहेर येऊन आम्ही सगळे उसाचा रस प्यायलो. वकीलबाई म्हणाल्या, "ताई, आता उड्या मारू नका. गॅस बारीक झालाय, बंद झालेला नाही. खरी लढाई तारखेला." पण मला उड्या माराव्याशाच वाटत होत्या.

तारीख आली. त्या दिवशी ठरणार होतं, की हुकूम निकालापर्यंत चालू राहतो की उठतो. उठला तर दुसऱ्याच दिवशी परीक्षा. वकीलबाईंनी लेकीलाही आणायला सांगितलं होतं. मी तिला नवा फ्रॉक शिवला होता आणि स्वतः सकाळपासून पाण्याचा घोट घेतला नव्हता. मोठ्या बाई आल्या होत्या, मास्क लावून, शाळेच्या वकिलांच्या शेजारी ताठ बसून. आमच्याकडे त्यांनी पाहिलंही नाही.

पुकारा झाला. शाळेचे वकील चांगले बोलले. मला राग आला, पण बोलले चांगलेच. म्हणाले, शाळा दुष्ट नाही, शाळेला सगळ्या मुलांच्या जिवाची काळजी आहे. एकाला सूट दिली की दुसरा मागतो, मग नियम उरत नाही. आणि मुलीची अडचण मास्कमुळेच आहे हे कशावरून? कदाचित तिला नेहमीची शाळा झेपतच नसेल. जज्जसाहेब मान हलवत होते.

"मुलगी आली आहे का?" साहेबांनी विचारलं. "पुढे या."

लेक पुढे गेली. एवढ्या उंच टेबलासमोर ती अगदीच एवढीशी दिसत होती. साहेब जरा पुढे झुकले. त्यांच्या तोंडावर निळा मास्क होता. ते काहीतरी बोलले, मायेनेच बोलले असावेत, डोळे हसत होते.

लेक गप्प.

त्यांनी पुन्हा विचारलं, जरा मोठ्याने. लेकीने माझ्याकडे वळून पाहिलं. मी उठायला गेले तर वकीलबाईंनी माझा हात धरला, मधे बोलता येत नाही. साहेबांनी तिसऱ्यांदा विचारलं. लेकीने मान खाली घातली आणि ती फ्रॉकच्या घडीशी चाळा करायला लागली. वर्गात ती अशीच बसते हे मला माहीत होतं, पण डोळ्यांनी मी ते पहिल्यांदाच बघत होते. सगळं कोर्ट तिच्याकडे बघत होतं. शाळेचे वकील हलकेच उभे राहिले. "साहेब, आमचं म्हणणं हेच आहे. साधा प्रश्न आहे, तरी मुलगी..."

"साहेब!"

आवाज मोठ्या बाईंचा होता. त्या उभ्या राहिल्या होत्या, न विचारता, स्वतःच्याच वकिलांचं बोलणं तोडून. लेक आवाजाच्या रोखाने वळली, आणि ती वळतेय हे बघताच मोठ्या बाईंनी आपला मास्क हनुवटीखाली ओढला.

"साहेब, तुमचा मास्क काढा. तिला दिसत नाहीये."

शाळेच्या वकिलांनी आपल्याच पक्षकाराकडे पाहिलं आणि हळूच खाली बसले. साहेबांनी एका कानामागून दोरी सोडवली, मग दुसऱ्या. लेकीने मान वर केली आणि त्यांच्या तोंडाकडे नीट पाहिलं.

"बाळ, तू कुठल्या शाळेत जातेस?"

"यांच्या," ती मोठ्या बाईंकडे बोट दाखवून खणखणीत आवाजात म्हणाली. "पाचवी ब."